लाटेकभोवतीच्या छोट्या स्क्रिप्ट्स: नव्याने लिहिताना पुन्हा उघडणारी जुनी भगदाडे

लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरून प्रबंध, शोधनिबंध किंवा प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पडद्यावर, फाइल चालवताक्षणी, पहिल्या दोन-तीन ओळींत एक वाक्य झळकून जाते: ‘रिस्ट्रिक्टेड राइट-१८ एनेबल्ड’. त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो आणि पीडीएफ नीट निघत असेल तोवर तो शोधण्याची गरजही कुणाला वाटत नाही. अर्थ असा की, आपण चालवत असलेला दस्तऐवज आपल्या संगणकावरील काही ठरावीक इतर प्रोग्राम परस्पर चालवू शकतो आणि त्याला तशी परवानगी आधीच दिलेली आहे. त्या इतर प्रोग्रामांपैकी काही, आणि त्यांच्या जोडीने आपल्या नकळत चालणारे कितीतरी, दोन-तीनशे ओळींचे छोटे दुवे, म्हणजेच स्क्रिप्ट्स, असतात. ते कुणीतरी पूर्वी एका भाषेत लिहिले, पुढे दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिले. अक्षरजुळणीच्या या जगात गेल्या दोन दशकांत सापडलेल्या सुरक्षा-त्रुटींपैकी बऱ्याच या छोट्या दुव्यांतच निघाल्या आहेत, म्हणून त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

एका आज्ञेमागे किती जण राबतात

डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेकचा साज चढवला. मूळ टेकचे काम मर्यादित आहे: शब्दांच्या ओळी, ओळींचे परिच्छेद आणि परिच्छेदांची पाने करणे. संदर्भसूची लावणे, शब्दसूची तयार करणे, चित्राचे स्वरूप बदलणे, टंक (फॉन्ट) शोधणे, नवा टंक आल्यावर त्याची नोंद करणे ही कामे इतर प्रोग्राम करतात. मराठी मजकुरासाठी आपण ज्या झीटेकचा (टेकचाच एक अवतार) आधार घेतो, तेही पान जुळवून झाल्यावर ते एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स नावाच्या वेगळ्या प्रोग्रामच्या हवाली करते आणि पीडीएफ तो तयार करतो. वापरणाऱ्याने मात्र एकच आज्ञा दिलेली असते.

या सगळ्यांची सांगड घालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला रॅपर स्क्रिप्ट म्हणतात. ती स्वतः अक्षरे जुळवत नाही. आपण दिलेले फाइलनाव आणि पर्याय ती घेते, त्यांत आवश्यक ती भर घालते, खऱ्या प्रोग्रामला योग्य क्रमाने हाक मारते, मधल्या टप्प्यांसाठी तात्पुरत्या फाइली तयार करते आणि शेवटी पसारा आवरते.

खिळ्यांच्या छापखान्यातला फोरमन आठवून पाहा. लेखक हस्तलिखित त्याच्या हाती देत असे. जुळाऱ्याकडे मजकूर, ब्लॉकमेकरकडे चित्र, मुद्रितशोधकाकडे प्रूफ आणि बाइंडरकडे छापील फर्मे पाठवण्याचे काम फोरमनचे. त्याने स्वतः एकही खिळा जुळवलेला नसे, पण छापखान्याच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत आणि त्याने पुढे केलेल्या चिठ्ठीवर कारागीर विश्वास ठेवत. आता या फोरमनने लेखकाच्या हस्तलिखितात खोचलेली चिठ्ठी न वाचता जशीच्या तशी कारागिराच्या हाती दिली, आणि त्या चिठ्ठीवर ‘गोदाम उघडून सगळा कागद बाहेर ठेवा’ असे लिहिलेले असले, तर चूक जुळाऱ्याची म्हणता येणार नाही. रॅपर स्क्रिप्टमधील सुरक्षा-त्रुटी साधारण याच जातीच्या असतात.

मग त्या पुन्हा का लिहाव्या लागतात

जुन्या बहुतेक रॅपर स्क्रिप्ट्स शेलमध्ये लिहिलेल्या आहेत. शेल म्हणजे युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींवर आपल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा प्रोग्राम. विंडोजवर तो मुळात नसतो. त्यामुळे एकच स्क्रिप्ट सगळीकडे चालवायची असेल, तर ती पर्ल, लुआ किंवा पायथन अशा भाषेत आणावी लागते. १९९६ पासून निघणारे टेक लाइव्ह हे मोफत वितरण, म्हणजे टेक आणि त्याचे साथीदार प्रोग्राम एकत्र देणारा संच, विंडोजवर आपल्यासोबत छोटासा पर्लही देते, तो यासाठीच.

दुसरे कारण माणसांचे आहे. टंकांची नोंद ठेवणारी अपडीमॅप आणि टेकची पूर्वतयारी करून ठेवणारी एफएमटीयूटिल या दोन्ही स्क्रिप्ट्स टेटेक या वितरणासाठी थॉमस एसर यांनी शेलमध्ये लिहिल्या. २००६ मध्ये त्यांनी टेटेकचे काम थांबवले. कोड टेक लाइव्हकडे आला, गरजा वाढत गेल्या आणि पुढे दोन्ही स्क्रिप्ट्स पर्लमध्ये नव्याने लिहिल्या गेल्या. २०१५ च्या टेक लाइव्हमध्ये एफएमटीयूटिलचा नवा अवतार आला. शेलमधले हजारभर ओळींचे जुने काम वाचून त्यात भर घालत राहणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने केले आहे त्याला नव्याने लिहिण्याचा मोह समजेल, आणि माझ्या मते तो मोह बहुतेक वेळा योग्यही असतो.

अडचण वेगळीच आहे. जुन्या कोडमध्ये काय लिहिले आहे ते दिसते, पण का लिहिले आहे ते दिसत नाही. एखादी विचित्र, अनावश्यक वाटणारी ओळ पंधरा वर्षांपूर्वी कुणा एकाच्या संगणकावर झालेल्या गोंधळानंतर घातलेली असते आणि तिच्याशेजारी कारणाची टीप नसते. नवा लेखक ती ओळ गाळतो, स्क्रिप्ट सुटसुटीत होते, सगळ्या चाचण्या पार पडतात आणि जुना गोंधळ परत येण्याची वाट मोकळी होते.

भाषा बदलली की धोक्याची जागाही बदलते

हे नेमके कसे घडते ते एका लहान उदाहरणात पाहू. समजा एका चित्राच्या फाइलचे नाव ‘आलेख १.ईपीएस’ असे आहे. शेल स्क्रिप्टमध्ये फाइलनाव ज्या चलात, म्हणजे नावाच्या डबीत, ठेवलेले असते ते चल वापरताना दुहेरी अवतरणचिन्हात घालावे लागते. ते राहिले, तर शेल जागा दिसली की नाव तोडतो आणि ‘आलेख’ ही एक फाइल व ‘१.ईपीएस’ ही दुसरी असे समजतो. शेलमध्ये मुरलेला माणूस अवतरणचिन्हे सवयीने घालतो.

आता हीच स्क्रिप्ट पर्लमध्ये आणायची आहे. पर्लमध्ये चलातील जागांमुळे नाव तुटत नाही, म्हणून नवा लेखक निर्धास्त होतो. मग बाहेरचा प्रोग्राम चालवण्यासाठी तो आज्ञेचे शब्द आणि फाइलनाव जोडून एक सलग वाक्य तयार करतो आणि ते ‘सिस्टिम’ या पर्लमधील सोयीला देतो. त्या वाक्यात शेलसाठी अर्थपूर्ण असलेली चिन्हे आढळली, की पर्ल ते परस्पर शेलच्या हाती सोपवतो. मूळ स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हांनी जे संरक्षण दिले होते ते या मधल्या प्रवासात गळून पडलेले असते. फाइलनावात अर्धविराम असेल, तर शेल त्याला एका आज्ञेचा शेवट मानतो आणि पुढचा भाग दुसरी आज्ञा म्हणून चालवतो. जुन्या, अवतरणचिन्हे नीट घातलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये हा धोका नव्हता; तो ‘आधुनिक’ रूपांतराने आणला.

पर्लमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. फाइल उघडण्याच्या जुन्या, दोनच घटक देण्याच्या पद्धतीत नावाच्या शेवटी उभी रेघ असेल, तर पर्ल त्या नावाची फाइल उघडत नाही, त्या नावाचा प्रोग्राम चालवतो. ज्याने आयुष्यभर शेल लिहिले त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. दोन्हींवर उपाय आहेत: प्रोग्राम चालवताना आज्ञेचा प्रत्येक घटक सुटा द्यायचा, आणि फाइल उघडताना ती वाचायची आहे की लिहायची आहे ते वेगळ्या घटकात सांगायचे. उपाय सोपे आहेत, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावे लागतात.

सुरक्षेशी थेट संबंध नसलेले दोषही याच वाटेने येतात. आतल्या प्रोग्रामने ‘काम झाले नाही’ असा निरोप दिला आणि रॅपरने तो वर पोचवलाच नाही, तर मालिकेतील पुढचा टप्पा जुन्याच फाइलवर चालतो आणि कालची पीडीएफ आजची म्हणून छपाईला जाते. अपडीमॅपचा त्रास तर कित्येकांनी भोगला आहे. ती एकदा आपल्या वैयक्तिक खात्यातून चालवली, की घरच्या फोल्डरमध्ये टंकांच्या नोंदीची स्वतंत्र प्रत तयार होत असे आणि पुढे संपूर्ण संगणकासाठी कितीही नवे टंक बसवले तरी टेक ती जुनी खासगी प्रतच वाचत राही. २०१७ पासून अपडीमॅप आणि एफएमटीयूटिल यांना ‘सगळ्यांसाठी’ की ‘फक्त माझ्यासाठी’ हे स्पष्ट सांगितल्याशिवाय त्या कामच करत नाहीत. वापरणाऱ्याला थोडे अधिक टंकावे लागते, पण हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

एक दुरुस्ती, जी मागे घेतली गेली

या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण एमकेटेकएलएसआर या स्क्रिप्टचे आहे. टेक लाइव्हमध्ये फाइलींची संख्या प्रचंड असते. दर वेळी सगळी फोल्डरे धुंडाळण्यापेक्षा एक यादी तयार ठेवावी आणि तिच्यात शोधावे, म्हणून ही स्क्रिप्ट ती यादी नव्याने लिहिते. नवे पॅकेज बसवल्यावर ती चालते आणि अनेकदा रूट म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यातून चालते.

काम करताना तिला एक तात्पुरती फाइल लागते. युनिक्समध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी एक सामाईक फोल्डर असते आणि त्यात संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्याला लिहिता येते. एमकेटेकएलएसआर आपल्या तात्पुरत्या फाइलीला ठरलेले नाव आणि त्यापुढे चालू प्रक्रियेचा क्रमांक असे नाव देत असे. हे क्रमांक साधारण चढत्या क्रमाने मिळत जातात, त्यामुळे पुढचे नाव काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

त्याच संगणकावर खाते असलेला दुसरा कुणी, उदाहरणार्थ महाविद्यालयाच्या सामाईक सर्व्हरवरचा एखादा खोडसाळ विद्यार्थी, अंदाजाने तशा शे-दोनशे नावांच्या सिमलिंक आधीच करून ठेवू शकतो. सिमलिंक म्हणजे दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखवणारी नावापुरती फाइल. तिच्यात लिहिले की मजकूर त्या दुसऱ्या फाइलीत जातो. ती दुसरी फाइल संगणकाच्या कारभारासाठी महत्त्वाची असली आणि स्क्रिप्ट सर्वाधिकारी खात्यातून चालत असली, तर तात्पुरत्या फाइलीत जायचा मजकूर थेट त्या महत्त्वाच्या फाइलीवर लिहिला जातो. विद्यार्थ्याला जी फाइल हात लावायलाही परवानगी नव्हती, ती त्याने सर्वाधिकाऱ्याच्या हातून खराब करवून घेतलेली असते.

जगभरातील सुरक्षा-त्रुटींना सीव्हीई नावाचा नोंदणी क्रमांक दिला जातो. या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१५-५७००. नोंदीनुसार टेक लाइव्हच्या आवृत्ती-इतिहासातील २२८५५ व्या बदलापासून ३६६२५ व्या बदलापर्यंत ती स्क्रिप्टमध्ये होती. ३६६२६ व्या बदलात ती बुजवली गेली. त्यानंतर ३६८५५ व्या बदलात ती दुरुस्ती मागे घेतली गेली आणि भगदाड पुन्हा उघडले. त्यासाठी ५७०१ हा वेगळा सीव्हीई क्रमांक द्यावा लागला आणि त्याच्या वर्णनातच लिहिले आहे की, ही त्रुटी आधीच्या त्रुटीची दुरुस्ती उलटवल्यामुळे निर्माण झाली.

यात कुणाला दोषी धरण्याचा माझा हेतू नाही. असे पेच खरे असतात. अंदाज न येणाऱ्या नावाची तात्पुरती फाइल सुरक्षितपणे तयार करण्यासाठी एमकेटेम्प हा प्रोग्राम आहे, पण युनिक्सजन्य प्रणालींसाठी ठरलेल्या पॉसिक्स या मानकात त्याचा समावेश नाही. म्हणजे ज्याला आपली स्क्रिप्ट जुन्यातल्या जुन्या प्रणालीवरही चालवायची आहे, त्याला तो प्रोग्राम सापडेलच याची खात्री देता येत नाही. सर्वत्र चालणे आणि सुरक्षित असणे या दोन्ही गोष्टी हव्या असतात आणि कधी कधी त्यांतील एकीची किंमत दुसरीला मोजावी लागते. ती कोणी, का मोजली, हे कोडमध्येच लिहिलेले नसेल तर पुढचा माणूस तोच वाद पहिल्यापासून घालतो.

हेच दुसऱ्या घरातही घडले

टेकपेक्षा जुनी आणखी एक अक्षरजुळणी प्रणाली आहे: बेल प्रयोगशाळेत जो ओसाना यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेली ट्रॉफ. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातील तिचा वारस म्हणजे ग्रॉफ. लिनक्सवर कोणत्याही आज्ञेचे मदतपान पाहताना अनेक ठिकाणी पडद्यामागे तीच राबते. तिच्याभोवतीही रॅपर स्क्रिप्ट्सचा गोतावळा आहे.

त्यांतील पीडीएफरॉफ ही शेल स्क्रिप्ट पीडीएफ तयार करण्यासाठी घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामला हाक मारत असे. घोस्टस्क्रिप्ट पोस्टस्क्रिप्ट ही भाषा वाचतो आणि त्या भाषेत संगणकावरील फाइली वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञाही असतात. त्यांना वेसण घालण्यासाठी ‘सेफर’ नावाचा पर्याय द्यावा लागे. पीडीएफरॉफ तो देत नव्हती, त्यामुळे मुद्दाम घडवलेला दस्तऐवज आपल्या फाइली बदलू शकत होता. हा एक शब्द विसरणे ही सीव्हीई-२००९-५०७८ या क्रमांकाची त्रुटी ठरली. घोस्टस्क्रिप्टने पुढे २०१९ मध्ये ९.५० या आवृत्तीपासून हे संरक्षण मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. रॅपरच्या लेखकाने आठवण ठेवावी अशी अपेक्षा करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

ग्रॉफर ही दुसरी स्क्रिप्ट आधी शेलमध्ये होती आणि नंतर पर्लमध्ये लिहिली गेली. पर्लच्या अवतारात तात्पुरत्या फाइलीसाठी सुरक्षित सोय वापरलेली होती, पण त्या सोयीला नावाचा जो साचा द्यायचा त्यात यदृच्छेने भरायच्या अक्षरांच्या जागा पुरेशा ठेवलेल्या नव्हत्या. जागा थोड्या, म्हणून शक्य नावेही थोडी, म्हणून अंदाज बांधणे पुन्हा सोपे. सीव्हीई-२००९-५०८१ मध्ये ही स्क्रिप्ट नावानिशी नोंदलेली आहे. योग्य साधन निवडूनही ते अर्धवट वापरल्याचे हे उदाहरण मला एमकेटेकएलएसआर इतकेच शिकवणारे वाटते, कारण कोड वाचणाऱ्याला सुरक्षित सोयीचे नाव दिसते आणि त्याची नजर तिथेच समाधानाने पुढे सरकते.

परवानगी यादीवर भिस्त कितपत ठेवावी

आता आरंभीच्या त्या वाक्याकडे येऊ. राइट-१८ ही टेकमधून बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची सोय आहे. ती पूर्ण मोकळी ठेवणे म्हणजे दस्तऐवजाला आपल्या खात्याचे सगळे अधिकार देणे. २०१० च्या टेक लाइव्हपासून मधला मार्ग काढला गेला: मोजक्या, विश्वासू समजलेल्या प्रोग्रामांची यादी केली आणि तेवढेच आपोआप चालू दिले. त्या वेळी यादीत रीएप्सटूपीडीएफ, शब्दसूची करणारा मेकइंडेक्स, फाइली शोधणारा केपीएसईव्हिच आणि संदर्भसूची लावणारे बिबटेक व बिबटेक८ होते.

यांतील रीएप्सटूपीडीएफ पाहण्यासारखा आहे. तो वेगळा प्रोग्रामच नाही. ईपीएस चित्राचे पीडीएफ करणाऱ्या एप्सटूपीडीएफ या पर्ल स्क्रिप्टचे ते दुसरे नाव आहे. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली ते स्क्रिप्ट तपासते आणि या दुसऱ्या नावाने मारली असेल तर धोक्याचे पर्याय नाकारते. उदाहरणार्थ, घोस्टस्क्रिप्टऐवजी भलताच प्रोग्राम चालवायला सांगणारा पर्याय ती तेव्हा स्वीकारत नाही. सगळे संरक्षण नावाच्या त्या एका तपासणीवर उभे आहे. कुणी ही स्क्रिप्ट उद्या नव्या भाषेत सुबकपणे लिहिली आणि ‘एकाच प्रोग्रामला दोन नावे कशाला’ म्हणून ती तपासणी काढली, तर ईपीएसचे पीडीएफ पूर्वीइतकेच छान निघेल आणि कुणालाही काही बदलले असे वाटणार नाही.

यादीतला प्रोग्राम स्वतःच आणखी कुणाला हाक मारत असेल तर काय होते, हे २०१६ मध्ये दिसले. तोवर यादीत एमपोस्ट हा आकृत्या काढणारा प्रोग्राम आलेला होता. आकृतीतील अक्षरांसाठी तो टेकची मदत घेतो आणि कोणते टेक वापरायचे हे एका पर्यायाने सांगता येते. त्या पर्यायात टेकऐवजी कोणतीही आज्ञा लिहिली तरी एमपोस्ट ती इमानाने चालवत असे. म्हणजे यादीत नसलेला प्रत्येक प्रोग्राम एमपोस्टच्या आडून चालवता येत होता. सीव्हीई-२०१६-१०२४३ ही ती त्रुटी. एमपोस्टला यादीतून काढले गेले आणि नंतर तो पर्याय नाकारणारा आर-एमपोस्ट हा मर्यादित अवतार यादीत आला.

२०२३ मधील प्रकरण याहून गंभीर होते. लुआटेक या टेकच्या आणखी एका अवतारात दस्तऐवजाला लुआ भाषेचा कोड चालवता येतो. बाहेरचा प्रोग्राम चालवणाऱ्या मूळ लुआ सोयीभोवती एका छोट्या फाइलीत रॅपर घातलेले होते, जे आधी परवानगी तपासत असे. मात्र त्या रॅपरच्या पोटातील मूळ सोयीपर्यंत पोचण्याची वाट लुआमध्येच शिल्लक राहिली होती. परिणामी राइट-१८ पूर्ण बंद ठेवले तरी दस्तऐवज हवी ती आज्ञा चालवू शकत होता. सीव्हीई-२०२३-३२७०० या क्रमांकाची ही त्रुटी लुआटेक १.१७.० मध्ये बुजवली गेली; टेक लाइव्हच्या २०१७ पासूनच्या वितरणांत ती होती.

‘माझ्या फाइलीत नुसता मजकूर आहे’

हा सर्वांत सामान्य आक्षेप आहे आणि तो प्रामाणिक आहे. टेकची फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडते, वाचता येते आणि निरुपद्रवी दिसते. पण टेक ही पूर्ण क्षमतेची प्रोग्रामिंग भाषा आहे. स्टीफन चेकोवे, होवाव शॅकम आणि एरिक रेस्कोर्ला या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिले की, अनोळखी लाटेक फाइल चालवून विंडोज संगणकाचा ताबा जाऊ शकतो आणि त्यासाठी राइट-१८ चीही गरज नसते. फाइली लिहिण्याची टेकची साधी क्षमता पुरते. भारतात अनेक टाइपसेटिंग कंपन्या परदेशी नियतकालिकांसाठी काम करतात आणि तिथे अनोळखी लेखकांच्या टेक फाइली दिवसभर चालवल्या जातात. त्यांच्यासाठी हा रोजच्या कामाचा भाग आहे.

‘टेक तर निर्दोष म्हणून प्रसिद्ध आहे’

तशी त्याची ख्याती रास्तच आहे. टेकमधील नवा दोष दाखवणाऱ्याला नुथ ३२७.६८ डॉलर देऊ करत आले आहेत आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद त्यांनी जपली आहे. विशेष म्हणजे टेकही १९८२ मध्ये पहिल्यापासून नव्याने लिहिलेला आहे. पुनर्लेखन चांगले होऊ शकते याचा तो उत्तम दाखला आहे. पण ते बक्षीस गाभ्यापुरते आहे. त्याभोवतीच्या शेकडो स्क्रिप्ट्स अनेकांनी, अनेक दशकांत, बहुधा मोबदल्याशिवाय लिहिल्या आहेत आणि गाभ्याच्या लौकिकाचे कवच त्यांना लागू होत नाही.

‘स्रोत खुला आहे, कुणीतरी पाहतच असेल’

स्रोत खुला असल्यामुळेच वरील सगळ्या त्रुटी सापडल्या, हे खरे आहे. पण लुआटेकमधील त्रुटी सहा वर्षे सर्वांसमोर होती. गाभ्याचा कोड वाचायला हुशार माणसे उत्सुक असतात, तर फाइलनावे इकडून तिकडे करणारी स्क्रिप्ट वाचायला फारसे कुणी बसत नाही. म्हणून नव्याने लिहिणाऱ्याने आपला कोड कुणीतरी तपासेल यावर विसंबू नये. जुन्या स्क्रिप्टच्या प्रत्येक नोंदलेल्या दोषासाठी एकेक चाचणी आधी लिहावी आणि मगच नवा कोड लिहायला घ्यावा: जागा असलेले नाव, अर्धविराम असलेले नाव, आडव्या रेघेने सुरू होणारे नाव जे आतल्या प्रोग्रामला पर्यायच वाटते, देवनागरी नाव, आधीच सिमलिंक असलेले तात्पुरते नाव, आणि मध्येच अपयशी ठरणारा आतला प्रोग्राम.

‘मी तर ऑनलाइनच वापरतो’

ब्राउझरमधून लाटेक वापरू देणाऱ्या ओव्हरलीफसारख्या सेवा प्रत्येकाचा दस्तऐवज बंदिस्त कप्प्यात चालवतात, त्यामुळे नुकसान झालेच तर ते त्या कप्प्यापुरते राहते. मात्र ओव्हरलीफची मोफत कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवणाऱ्या संस्थांनी हे गृहीत धरू नये. सर्व वापरकर्ते विश्वासू आहेत अशाच ठिकाणी ती वापरावी, असे तिचे निर्माते स्वतः सांगतात. विभागाच्या एका सर्व्हरवर शेकडो विद्यार्थ्यांसाठी ती बसवताना हे वाक्य वाचायला हवे.

आपल्या संगणकावर काय करावे

अनोळखी किंवा इंटरनेटवरून घेतलेली फाइल चालवताना राइट-१८ पूर्ण मोकळे करणारा ‘शेल-एस्केप’ हा पर्याय देऊ नये. एखाद्या साच्यासोबतच्या सूचनेत तो द्यायला सांगितला असेल, तर कोणत्या पॅकेजसाठी तो लागतो हे आधी पाहावे. रंगीत कोड छापणारे मिंटेड हे पॅकेज हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण होते. २०२४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते लाटेकमिंटेड हा स्वतःचा मर्यादित पायथन प्रोग्राम वापरते आणि ताज्या टेक लाइव्हमध्ये तो परवानगी यादीत आहे, त्यामुळे मोकळी परवानगी देण्याची गरज उरत नाही. संशय असेल तेव्हा ‘नो-शेल-एस्केप’ पर्यायाने यादीतले प्रोग्रामही थांबवता येतात.

लाटेकएमके, म्हणजे लाटेक लागेल तितक्या वेळा आपोआप चालवणारी स्क्रिप्ट, वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. ही स्क्रिप्ट चालू फोल्डरमधील लाटेकएमकेआरसी नावाची फाइल आपोआप वाचते आणि त्या फाइलीतला मजकूर पर्लचा कोड म्हणून चालवते. कुणाचा तरी प्रकल्प उतरवून घेतला आणि त्याच फोल्डरमध्ये लाटेकएमके चालवले, तर टेक सुरू होण्याआधीच त्या माणसाचा कोड आपल्या खात्याच्या अधिकाराने चाललेला असतो. या फाइलीचे नाव कधी बिंदूने सुरू होते आणि मग ती नेहमीच्या यादीत दिसतही नाही. ती शोधून वाचावी किंवा ‘नोआरसी’ पर्यायाने तिच्याकडे दुर्लक्ष करायला सांगावे.

पीडीएफ तयार करण्याची कोणतीही आज्ञा सर्वाधिकारी खात्यातून देऊ नये; परवानगी नाही म्हणून काम अडले, तर फोल्डरची मालकी तपासावी. दर वर्षी निघणारे टेक लाइव्ह बसवावे आणि २०२३ च्या मे महिन्याआधीचे लुआटेक कुठल्याही सामाईक संगणकावर ठेवू नये. आपल्या संगणकावर कोणते प्रोग्राम आपोआप चालू शकतात हे पाहायचे असेल, तर टेकएमएफ डॉट सीएनएफ या संरचना-फाइलीत ‘शेल एस्केप कमांड्स’ ही नोंद शोधावी. जी साधने आपण कधीच वापरत नाही ती नावे स्थानिक संरचनेतून वगळता येतात, आणि वगळल्यावर काही अडलेच तर लॉग फाइलीत कोणती आज्ञा नाकारली गेली ते नावासकट लिहिलेले सापडते.